तापणारी पृथ्वी आणि आमचे यंत्रमाग

2022 च्या मे महिन्यात रुईच्या खंडीचा भाव एक लाख रुपयांच्या वर गेला. खंडी म्हणजे 356 किलो. त्याच्या वर्षभर आधी हाच भाव निम्म्याच्या आसपास होता. सूत भडकले, त्या भावाने ग्रे कापड उचलणारा गिऱ्हाईक मिळेना आणि कित्येक मागवाल्यांनी पाळ्या कमी केल्या. जो तो आपापल्या परीने कारण सांगत होता. कोणी साठेबाजी म्हणे, कोणी निर्यात, कोणी आयात शुल्क. यातले काहीच खोटे नव्हते, आणि सरकारने त्या एप्रिलमध्ये आयात शुल्क तात्पुरते उठवलेही होते. परंतु त्या हंगामाकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. आपल्याकडे कापूस वेचणीला आला तेव्हा अवकाळी पावसाने गाठले होते. अमेरिकेतील टेक्सासमध्ये दुष्काळामुळे शेतकऱ्यांनी पेरलेली शेतेच्या शेते सोडून दिली. त्याच वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंधमध्ये असा पूर आला की उभा कापूस पाण्याखाली गेला. तीन देश आणि पीक एकच.

ग्लोबल वॉर्मिंग हा विषय वर्तमानपत्रात येतो तो बर्फ वितळण्याच्या आणि समुद्र वाढण्याच्या बातम्यांतून. आम्हा व्यापाऱ्यांना बर्फाशी काय देणे-घेणे, असे वाटणे साहजिक आहे. पण आम्हाला तो सर्वात आधी बाजारभावात भेटला.

हे प्रकरण मुळात काय आहे, ते आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. थंडीत आपण रजई घेतो. रजई स्वतः गरम नसते, अंगाची उष्णता ती बाहेर जाऊ देत नाही. पृथ्वीभोवतीची हवा हेच काम करते आणि त्यात कार्बन डायऑक्साइड हा वायू म्हणजे रजईतील कापूस. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो 280 भाग होता. 1958 मध्ये हवाई बेटावर त्याची नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा 315 च्या आसपास भरला. आज तो 420 च्या पुढे गेला आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की रजईत आणखी कापूस भरला जातो. हा हिशेब कोणी काल-परवा मांडलेला नाही. स्वीडनच्या अऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने तो 1896 मध्येच करून ठेवला होता. (ओझोनच्या छिद्राचा प्रश्न वेगळा आहे. आमचे बरेच मित्र दोन्हींची गल्लत करतात.)

2015 मध्ये पॅरिस येथे जगातील देशांनी ठरवले की ही वाढ दोन अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि शक्य तर दीड अंशावर रोखायची. 2024 हे नोंदीतील सर्वात उष्ण वर्ष ठरले आणि त्या एका वर्षाची सरासरी दीड अंशाच्या वर गेली. दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण सरासरी दीड अंशाने सरकते तेव्हा टोकाचे दिवस फार सरकतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिले की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. कपाशीला पाऊस हवा, पण वेचणीत नको. बोंड भिजले की रुई पिवळी पडते, ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, आणि धागा कमजोर निघाला की त्याचा हिशेब मागावर ताणा तुटून चुकता होतो. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जे झाले ते सर्वांनी पाहिलेच आहे. पॉलिस्टरवाल्यांनी आपण यातून सुटलो असे मानू नये. त्यांचे सूत खनिज तेलातूनच येते.

आता शेडमध्ये या. मालेगावात उन्हाळ्यात पारा 43 अंशांच्या वर जाणे नवे नाही. पत्र्याखाली, चोवीस मागांच्या मोटारींच्या उष्णतेत, तो आकडा किती होत असेल हे कारीगरालाच ठाऊक. शिवाय सुती धागा कोरड्या हवेत तुटतो म्हणून शेडमध्ये ओल ठेवावी लागते. धाग्याला जी ओल मानवते ती माणसाला मारते, कारण दमट हवेत घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. आमचा कारीगर मीटरवर मजुरी घेतो. चक्कर येऊन तासभर बसला तर तो तास त्याच्याच खिशातून जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2019 च्या अहवालात अंदाज दिला होता की 2030 पर्यंत उष्णतेमुळे भारतातील कामाचे 5.8 टक्के तास वाया जातील. दर सतरा दिवसांमागे एक दिवस, असा तो हिशेब बसतो.

उष्णता काय करते हे 2024 च्या हजमध्ये दिसले. मक्केत पारा 51 अंशांच्या वर गेला आणि सौदी सरकारच्याच आकड्यानुसार 1301 हाजी मरण पावले. त्यांतील बहुतेक जण परवान्याविना आलेले, सावली व तंबूविना लांबवर पायी चालणारे होते. ऊन सर्वांवर सारखेच पडले, सावली मात्र सर्वांना नव्हती. रमजान दरवर्षी अकरा दिवस मागे सरकतो. 2018 मध्ये तो मे-जूनमध्ये होता, पुन्हा 2050 च्या सुमारास तेथे येईल. तेव्हाचा मे कसा असेल, याचा विचार आज मागावर उभ्या असलेल्या तरुणांनी करावा.

यात आपला दोष किती? दरडोई हिशेबात भारतीय माणूस वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि अमेरिकन त्याच्या सहा-सात पट. तेव्हा पहिली जबाबदारी कोणाची, यावर वाद नको. पण आपल्या शेडचा हिशेब घालून पाहायला हरकत नाही. साधा माग तासाला अर्धा युनिट खातो असे धरू. चोवीस माग, वीस तास, म्हणजे 240 युनिट. आपली बहुतेक वीज कोळशाची आहे आणि एका युनिटमागे साधारण 700 ग्रॅम वायू निघतो. रोजचे 168 किलो, 300 दिवसांचे 50 टन. पंचवीस भारतीयांचा वर्षभराचा वाटा एका शेडमध्ये. अर्थात त्या कापडातून अंग झाकणारी माणसे हजारोंनी आहेत, हेही धरले पाहिजे.

खरा धूर निघतो तो सायझिंग आणि डाइंगच्या बॉयलरमधून. लाकूड, कोळसा आणि काही ठिकाणी प्लास्टिक व रबराचा कचरासुद्धा त्यात जातो. हे आम्ही उघड लिहीत आहोत, कारण आजूबाजूच्या मोहल्ल्यांना ते नाकाने कळतेच. कचरा स्वस्त पडतो, पण तो धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो. त्याहून सोपी बचत समोर असते. सायझिंगच्या सिलिंडरमध्ये वाफ थंड होऊन जे गरम पाणी बनते ते स्वच्छ असते, तरी अनेक ठिकाणी गटारात सोडले जाते. बॉयलरला जाणारे पाणी 6 अंशांनी गरम असेल तर इंधन सुमारे 1 टक्का वाचते. निम्मे पाणी परत आणले आणि त्याने टाकीतील पाणी 25 अंशांनी तापले, तर 4 टक्के लाकूड वाचले. नळ्यांवर लेप चढवला तर आणखी. एक टाकी, एक पंप आणि थोडी नळी, एवढाच खर्च. मागवाल्यांनी मोटार जळाली की पुन्हा पुन्हा वळण भरून घेण्याऐवजी एकदा हिशेब करावा. प्रत्येक वेळी तीच मोटार थोडी जास्त वीज पिते.

सौरऊर्जेबद्दल लोक फार विचारतात. 2017 मध्ये भिवंडीत सुरू झालेल्या पॉवरटेक्स योजनेत यंत्रमागांसाठी सौर अनुदान होते, ती मुदतीची योजना होती. 2024 ची सूर्यघर योजना घरांसाठी आहे, तीन किलोवॅट व त्यावर 78 हजारांपर्यंत अनुदान मिळते. आता शेडचे गणित. एक किलोवॅट दिवसाला सरासरी 4 युनिट देतो आणि सुमारे 100 चौरस फूट छत खातो. दोन हजार फुटांच्या छतावर वीस किलोवॅट बसले तर 80 युनिट, म्हणजे 240 पैकी तिसरा हिस्सा. सगळी वीज सूर्यावर चालेल असे सांगणाऱ्या दलालावर विश्वास ठेवू नये. जुना पत्रा ते वजन पेलेल का, हेही पाहावे. सर्वात मोठी अडचण मात्र यंत्राची नाही. शेड एकाचे, माग दुसऱ्याचे आणि काम तिसऱ्याच्या सुताचे, अशी आपली रीत. छतावर पैसा कोण घालणार? यासाठी मालक आणि भाडेकरू यांनी लेखी करार करून वाचलेल्या बिलाची वाटणी ठरवणे हा एकच मार्ग आम्हाला दिसतो.

निर्यातीचा माल देणाऱ्यांसाठी एक सूचना. युरोपने 2026 पासून पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते अशा आयात मालावर कार्बनचा आकार लावणे सुरू केले आहे. कापड त्यात नाही. परंतु मोठे खरेदीदार विजेची आणि इंधनाची बिले मागू लागले तर दाखवायला कागद असावा. बिले फाडून टाकू नका.

गोदामांचेही सांगितले पाहिजे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, भिवंडीही बुडाली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये तापीने सुरत बुडवली. आमच्या ओळखीच्या कित्येकांचे तळाच्या थरातील तागे त्या दोन पावसांत गेले. गाठी जमिनीवर न ठेवता दोन-अडीच फुटांच्या फळीवर ठेवाव्यात. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 2021 पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची विमा पॉलिसी आहे, तीत पूर येतो. ज्यांना विमा मान्य नाही त्यांनी फळी आणखी एक फूट उंच करावी.

सर्वात स्वस्त उपाय छताचा. अहमदाबादेत 2010 च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेनंतर 2013 मध्ये महापालिकेने उष्णतेची योजना आखली आणि पुढे वस्त्यांतील छते पांढरी करण्याचे काम घेतले. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांचे धोरणच केले. पांढरे छत ऊन परत फेकते आणि आतील उष्णता दोन ते पाच अंशांनी उतरते. सिमेंटच्या पत्र्याला चुना चालतो, त्यात थोडा चिकट पदार्थ मिसळावा. लोखंडी पत्र्यावर चुना टिकत नाही, त्याला ऊन परतवणारा पांढरा रंग लावावा. पहिल्या जोरदार पावसात चुना धुतला जातो, म्हणून दरवर्षी करावा लागतो. माणूस वर चढवताना पत्र्यावर आडव्या फळ्या टाकल्याशिवाय पाऊल ठेवू देऊ नये. जुने सिमेंटचे पत्रे पायाखाली फुटतात आणि खाली माग चालू असतात. काम मार्चअखेर आटोपून घ्यावे, कारण एप्रिलनंतर त्या पत्र्यावर हात टेकवत नाही.