पाणी भेगांतून वाट काढतं

डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकभोवती आज काचेच्या इमारती आहेत. १७९६ मध्ये खुल्या झालेल्या या गोदीजवळ पूर्वी कोळशापासून गॅस बनवत. त्यातलं डांबर जमिनीत मुरलं. बांधकामाआधी माती साफ करावी लागली. कोळशाचं डांबर पाण्यापेक्षा जड, त्यामुळे ते खडकापर्यंत झिरपू शकतं. इथला खडक म्हणजे ‘काल्प’ हा काळसर चुनखडक. अखंड काल्पमधून पाणी जवळपास जातच नाही. जातं ते भेगांतून. म्हणून बोअर घेऊन दगडाचे गाभे तपासतात, दाबाने पाणी सोडून भेगा कितपत खुल्या आहेत ते पाहतात. त्यावरूनच प्रदूषण कुठे पसरेल, तळघर खोदताना किती पाणी उपसावं लागेल, याचा अंदाज बांधता येतो. आपल्या बेसाल्टातही हेच: भेग लागली तर बोअरला पाणी, नाहीतर नुसती धूळ.