गुंता केसांचा, ओढाताण लेकीची

सकाळचे पावणेसात. तव्यावर पोळी, डब्याची घाई, दाराशी रिक्षावाले काका हॉर्न वाजवताहेत आणि ‘आई गं, दुखतंय!’ म्हणून लेकीने भोकाड पसरलेलं. मैत्रिणींनो, असं दृश्य तुमच्याही घरी असेलच! आमच्याकडे तर ते रोजचंच. माझे केस सरळ, पण धाकटी गेली आत्यावर. दाट, कुरळे केस. मी आपली माझ्याच बारीक दातांच्या कंगव्याने खसाखसा विंचरायची आणि वर तिलाच ओरडायची, ‘हलू नकोस!’ एक दिवस तिने मानेमागचा गुंता गुपचूप कात्रीने कापून टाकला. मी हादरलेच. नऊ वर्षांच्या पोरीला स्वत:चे केस नकोसे झाले होते, आणि तेही माझ्यामुळे.

गल्लीत पार्लर चालवणाऱ्या वहिनींना हे सांगितलं, तर त्या हसून म्हणाल्या, ‘ताई, दोष केसांचा नाही, कंगव्याचा. आणि थोडा तुमच्या हाताचा!’

मग त्यांनी शिकवलं. गुंता नेहमी शेंड्याकडून सोडवायचा. मुळापासून ओढत आणलं की बारीक गाठी खाली सरकून एकच घट्ट गाठ बसते. बट वरच्या बाजूला मुठीत धरायची, आधी शेवटची चार बोटं मोकळी करायची, मग हळूहळू वर. मुठीमुळे टाळूला हिसका बसत नाही.

आणि जसे केस, तसा कंगवा. कुरळ्या, दाट केसांना रुंद दातांचा कंगवा. हे केस कोरडे विंचरूच नयेत. न्हाल्यावर ओलसर असताना थोडं तेल किंवा कंडिशनर लावून विंचरावेत. सरळ केसांचं उलट. ओला केस जास्त ताणला जातो आणि चटकन तुटतो. म्हणून ते आधी बरेचसे वाळू द्यावेत, मग मध्यम दातांचा कंगवा फिरवावा. पातळ, नाजूक केसांना, लहान मुलांच्या केसांना मऊ गादीचा, वाकणाऱ्या दातांचा ब्रश बरा. मात्र दातांच्या टोकावरचे मणी निघाले की तो ब्रश टाकून द्यायचा, उघडं टोक टाळू ओरबाडतं. लांब केस असतील तर आधी बोटांनीच मोकळे करावेत. आणि फणी? ती फक्त उवा-लिखांसाठी!

आजीचा खोबरेलाचा हट्टही उगीच नव्हता बरं का. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना करणारं संशोधन 2003 मध्ये प्रसिद्ध झालं. केसांतली प्रथिनं कमी झिजतात, असं त्यात फक्त खोबरेलाबाबत दिसलं.

चांगला कंगवा महागच असतो असं नाही. आठवडी बाजारातला तीस-चाळीस रुपयांचाही चालतो, फक्त पारखून घ्या. दातांच्या मधून बोट फिरवा. साच्याची धारदार कड लागली तर नको, तीच केस कापते. ओढणीच्या टोकावरून फिरवून बघा. धागा अडकला तर केसही अडकणार. लाकडी कंगवा घेतलात तर तो पाण्यात भिजत ठेवू नका.

हे सगळं क्षुल्लक वाटतंय? आमच्या बचत गटातल्या एकीच्या जाऊबाई दीर्घ आजारात अंथरुणाला खिळल्या. महिनोन् महिने डोक्याला कंगवा लागला नाही. केसांची जट झाली. शेजारणी म्हणाल्या, ‘देवीची आहे, हात लावू नका, कोप होईल.’ ते ओझं घेऊन बाई तीन वर्षं मान दुखवत बसल्या. न विंचरलेले केस एकमेकांत अडकून जट होते, त्यात कोप कसला! अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते राज्यभर अशा जटा सोडवतात. आम्हीही त्यांना खूप समजावलं, तेव्हा कुठे त्या तयार झाल्या. कात्री लागली तेव्हा त्या थरथरत होत्या. नंतर मानेवरून हात फिरवत एवढंच म्हणाल्या, ‘हलकं वाटतंय गं.’ वेळीच कुणी तेलाचा हात आणि रुंद कंगवा फिरवला असता, तर ही वेळच आली नसती.

माझी लेक आता अकरा वर्षांची आहे. स्वत:चे केस स्वत: विंचरते, शेंड्यापासून. रविवारी मात्र तेलाची वाटी घेऊन माझ्यापुढे येऊन बसते. हल्ली ती रडत नाही, शाळेतल्या गमती सांगते. कंगवा हळू चालला की पोरी मनातलंही बोलतात, हे मला जरा उशिराच कळलं!