वाय-फाय मंद का? राउटरच्या रेडिओविषयीचे गैरसमज

इंटरनेट रखडले की आपण आधी कंपनीला फोन करतो आणि मग जास्त वेगाचा प्लॅन घेतो. प्रत्यक्षात तारेने घरात येणारा वेग पुष्कळदा चांगला असतो. खात्री करायची तर लॅपटॉपला राउटरची केबल थेट जोडून वेग मोजावा. केबलवर वेग पुरेसा आणि मोबाइलवर अपुरा असेल, तर दोष हवेतल्या प्रवासात आहे. तो प्रवास राउटरच्या सेटिंगमधल्या ‘वायरलेस’ पानावर ठरतो.

तिथले काही बदलण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. एका चॅनेलवर, एका परिसरात, एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. तुमचा राउटर, तुमचा मोबाइल, शेजाऱ्यांचा राउटर आणि त्यांचा टीव्ही आधी ऐकतात आणि हवा मोकळी दिसली तरच बोलतात. खालचे बहुतेक गैरसमज ही वाटणी लक्षात न घेतल्यामुळे झालेले आहेत.

गैरसमज 1 : शक्ती पूर्ण वाढवली की रेंज आणि वेग दोन्ही वाढतात.

वस्तुस्थिती : वाय-फायचे संभाषण दुहेरी असते. भोंग्यावरून बोलणाऱ्याचा आवाज गावाच्या टोकाला पोहोचतो, पण तिथल्या माणसाचे उत्तर भोंगेवाल्याला ऐकू येत नाही. राउटर आणि मोबाइल यांचे तसेच होते. बॅटरी वाचवायची असल्याने मोबाइलचा रेडिओ सहसा राउटरपेक्षा क्षीण असतो. त्यामुळे सिग्नलच्या कांड्या भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही.

शिवाय वाढलेल्या शक्तीतून हाती फार थोडे लागते. 20 डीबीएम म्हणजे 100 मिलिवॉट आणि 23 डीबीएम म्हणजे 200 मिलिवॉट. शक्ती दुप्पट करूनही मोकळ्या मैदानात पल्ला जेमतेम 1.4 पट होतो. काँक्रीटच्या भिंती आडव्या आल्या की त्याहून कमी. घरात दोन ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय प्रसारित करणारी यंत्रे) असतील तर नुकसानच होते. कोणत्या ॲक्सेस पॉइंटला जोडून राहायचे हे मोबाइल ठरवतो, आणि दूरच्याचा सिग्नल बरा वाटत असेल तर तो जवळच्याकडे वळतच नाही. अशा घरात शक्ती मध्यम ठेवावी. राउटर लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या पाठीशी न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा.

गैरसमज 2 : सगळे 1, 6 आणि 11 वर आहेत, म्हणून 3 किंवा 8 निवडावे.

वस्तुस्थिती : 2.4 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात चॅनेलचे मध्यबिंदू फक्त 5 मेगाहर्ट्‌झ अंतरावर आहेत, पण प्रत्येक प्रसारण सुमारे 20 मेगाहर्ट्‌झ जागा व्यापते. म्हणून 3 वर बसलेला राउटर 1 आणि 6 या दोन्हींवर आक्रमण करतो. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचे संदेश ओळखतात आणि पाळीपाळीने बोलतात. अर्धवट आच्छादलेल्या चॅनेलवर ही ओळख पटत नाही. दोघांनाही नुसता गोंगाट ऐकू येतो आणि संदेश पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात. म्हणून 1, 6, 11 यांपैकी सर्वांत कमी गर्दीचे चॅनेल घ्यावे. ते शोधायला मोबाइलवरचे वाय-फाय तपासणारे ॲप पुरते.

गैरसमज 3 : चॅनेल जितके रुंद, तितके चांगले.

वस्तुस्थिती : एकट्या बंगल्यात हे बऱ्याच अंशी खरे आहे, सोसायटीत नाही. 2.4 गिगाहर्ट्‌झमध्ये 40 मेगाहर्ट्‌झ रुंदी निवडली की एकच राउटर जवळजवळ अर्धा पट्टा अडवतो. तिथे 20 हीच योग्य रुंदी. 5 गिगाहर्ट्‌झमध्ये जागा अधिक आहे, तरी 80 मेगाहर्ट्‌झचे पट्टे साधारण सहा आणि 160 चे दोनच निघतात. रुंदी दुप्पट झाली की राउटरच्या कानावर पडणारा गोंगाटही दुप्पट होतो, त्यामुळे दूरच्या खोलीत जोडणी आधी तुटते. दाट वस्तीत 5 गिगाहर्ट्‌झवर 40 पासून सुरुवात करावी आणि आसपास मोकळीक दिसली तरच 80 घ्यावे.

गैरसमज 4 : राउटरच्या नावापुढे ‘5जी’ दिसते, म्हणजे हे मोबाइलचे 5जी आहे.

वस्तुस्थिती : दोन्हींचा संबंध नाही. मोबाइलच्या 5जीमधला पाच हा पिढीचा आकडा आहे. राउटरवरचा पाच म्हणजे 5 गिगाहर्ट्‌झचा पट्टा. हा पट्टा वेगवान आणि कमी गर्दीचा असतो, पण भिंतींपुढे लवकर दमतो. 2.4 गिगाहर्ट्‌झ लांब पोहोचतो, मात्र तिथे ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचाही उपद्रव असतो. म्हणून टीव्ही आणि लॅपटॉप 5 वर, तर दूरचा कॅमेरा किंवा स्मार्ट प्लग 2.4 वर ठेवावा.

राउटर बंद करून चालू केल्यावर 5 गिगाहर्ट्‌झचे नाव कधी मिनिटभर गायब असते. तो बिघाड असेलच असे नाही. 52 ते 144 या चॅनेलांच्या भागात हवामान आणि इतर रडारही काम करतात. अनेक देशांच्या नियमांनुसार तिथे प्रसारण सुरू करण्यापूर्वी राउटरला किमान एक मिनिट ऐकावे लागते आणि रडार आढळले तर चॅनेल सोडावे लागते. वारंवार खंड पडत असेल तर 36 ते 48 यांपैकी चॅनेल घ्यावे.

गैरसमज 5 : राउटरच्या सेटिंगमध्ये देश म्हणून अमेरिका निवडली की जास्त शक्ती मिळते.

वस्तुस्थिती : देशाचा पर्याय कायद्याशी जोडलेला आहे. भारतात 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त झाला आणि 5 गिगाहर्ट्‌झचा मोठा भाग 2018 मध्ये. परवाना लागत नसला तरी शक्तीच्या मर्यादा लागू आहेतच. चॅनेलही देशागणिक बदलतात : भारतात 2.4 वर 1 ते 13, अमेरिकेत 1 ते 11. नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेल्या मोबाइलला चॅनेल 13 वरचे वाय-फाय कधीकधी दिसत नाही, ते यामुळे. देश भारतच ठेवावा.

गैरसमज 6 : नाव लपवले की वाय-फाय सुरक्षित होते, आणि सुरक्षेचा वेगाशी संबंध नसतो.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. लपवलेले नाव साध्या मोफत साधनांनीही सापडते. उलट, ते नेटवर्क शोधण्यासाठी मोबाइल बाहेरही त्याचे नाव पुकारत राहतो. संरक्षण मिळते ते लांब पासवर्ड आणि डब्ल्यूपीए 2 (एईएस) किंवा डब्ल्यूपीए 3 यांतून. वेगाचे म्हणाल, तर डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी हे जुने प्रकार निवडले की जोडणी 54 एमबीपीएसच्या वर जात नाही. 300 एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही वेग का मिळत नाही, याचे उत्तर कधी या एका ओळीत असते.

एका वेळी एकच सेटिंग बदला, आधीची नोंद ठेवा आणि रात्री नऊच्या गर्दीत वेग मोजा. दुपारच्या शांततेतला आकडा फसवा असतो. एकाच घराने केलेली सुधारणा मात्र अपुरी पडते, कारण हवा सगळ्या मजल्यांची आहे. सोसायटीच्या पुढच्या सभेत पाण्याच्या आणि पार्किंगच्या प्रश्नाबरोबर हाही विषय घ्या : प्रत्येकाने 2.4 वर 20 मेगाहर्ट्‌झ ठेवावे, 1, 6, 11 आपसात वाटून घ्यावेत आणि शक्ती गरजेपुरतीच ठेवावी. यासाठी एक रुपयाही खर्च येत नाही आणि फायदा प्रत्येक घराला होतो.