आवाज आमचा, उच्चार कुणाचा?

आमच्या विहारात रविवारी वंदना सांगणारी एक मुलगी मागच्या पावसाळ्यात आमच्या कार्यालयात आली. "सर, जयभीम. एवढं ऐकून सांगा," म्हणून तिने मोबाईल पुढे केला. जाहिराती, माहितीपट, डबिंग यांना आवाज देण्याचे काम मिळावे म्हणून एजंटांना पाठवायचा तो डेमो होता. चार मिनिटांचा! सुरुवातीला नाव, गाव, शिक्षण. मग टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीची नक्कल. मग एका नटीची नक्कल. वंदना सांगणारी आमची मुलगी त्यात कुठेच सापडेना. असे का केलेस म्हणून विचारले, तेव्हा कळले की तिचा आधीचा डेमो एका एजंटाने परत केला होता. "आवाज छान आहे, पण भाषा तशी येते," हे त्याचे शब्द.

तशी म्हणजे कशी? कोर्टात साक्षीदाराने असा शब्द टाकला तर आम्ही त्याला तसा सोडत नाही. 'तशी' म्हणजे वस्तीतली, आणि वस्तीतली म्हणजे कुणाची, हे बोलणाऱ्याला माहीत असते आणि ऐकणाऱ्यालाही. तोंडाने जात विचारायची सोय राहिली नाही, म्हणून ती उच्चाराच्या आडून विचारली जाते. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक सुरू केले, त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. मुक्यांचे वारस शंभर वर्षांनी बोलायला लागले, तर आता त्यांच्या बोलण्याची तऱ्हा नडते!

आमच्या लोकांना 'ण' म्हणता येत नाही, 'पाणी'चे 'पानी' होते, ही थट्टा आम्ही शाळेपासून ऐकत आलो आहोत. (वऱ्हाडात सर्व जातींच्या तोंडी 'पानी' असते, पण थट्टा कुणाची होते तेही आम्ही पाहिले आहे.) पंचशीलातील पहिल्या शीलाचा पहिला शब्द 'पाणातिपाता'. त्यात 'ण' आहे. पुढे पाचही शीलांत 'वेरमणी'. त्यातही 'ण' आहे. लहानपणापासून रोज हे म्हणणाऱ्या मुलीला 'ण' येत नाही, हे आम्ही कसे मान्य करावे? तिला तो येतो. समोर परीक्षक बसला की जीभ अडखळते, आणि ती भीती पिढ्यांची आहे.

प्रमाण उच्चार शिकू नका, असे आमचे म्हणणे नाही. बाबासाहेबांनी १९५५ साली बीबीसीला दिलेली इंग्रजी मुलाखत आजही ऐकायला मिळते, तरुणांनी ती जरूर ऐकावी. भाषा परकी आहे, पण बोलणारा माणूस कुणाची परवानगी मागत नाही. बातमी, बँकेची सूचना, सरकारी माहितीपट यांना प्रमाण मराठी लागते. ती कमवावी, रोज अग्रलेख मोठ्याने वाचून कमवावी. पण म्हणून घरची बोली पुसून टाकायचे कारण नाही. २०१६ साली 'सैराट'ने करमाळ्याकडची बोली महाराष्ट्रभर ऐकवली आणि त्याच बोलीवर गल्ला भरला. जे आपल्याकडे जन्मजात आहे, तेच डेमोतून वगळून पाठवायचे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःची किंमत कमी करणे होय.

अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत आमचा एक कार्यकर्ता ध्वनिमुद्रणाचे काम करतो. त्याला बोलावून घेतले. तो म्हणाला, ऐकणाऱ्यापुढे असे ढीगभर डेमो असतात, पहिल्या दहा सेकंदांत पटले नाही तर तो पुढचा लावतो. म्हणून नाव-गाव डेमोत नको, ते पत्रात लिहावे. डेमो साठ ते नव्वद सेकंदांचा. त्यात पाच-सहा तुकडे, प्रत्येक दहा-पंधरा सेकंदांचा, आणि सगळ्यांत चांगला तुकडा सर्वांत आधी. मराठीचा वेगळा, हिंदीचा वेगळा. डबिंगसाठी अभिनयाचा आणखी वेगळा. नक्कल अजिबात नको, कारण ज्याची नक्कल करता तो बाजारात हजर आहेच. पार्श्वसंगीत असलेच तर आवाजाखाली दबलेले.

मजकूर तिने स्वतः लिहिला. एक लसीकरणाचे आवाहन, एक बँकेची सूचना, चवदार तळ्यावरील माहितीपटाची चार वाक्ये, आणि एक आजी नातवाला रागावते तो तुकडा, थेट तिच्या आजीच्या बोलीत. आम्हाला विचाराल तर तोच सर्वांत जिवंत होता.

स्टुडिओचे भाडे परवडणारे नव्हते. दहा बाय बाराची खोली, मागे रेल्वे. तीन बाजूंनी दोरीवर गोधड्या टांगल्या, पंखा बंद, फ्रिज बंद, आणि रात्री शेवटची लोकल गेल्यावर पहाटेच्या पहिल्या लोकलपर्यंत काम. माईक तोंडापासून वीतभर, जरासा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'भ' फुटत नाहीत. तिची आई दारात बसून गल्लीतल्या कुत्र्यांना हाकलत होती.

आता आमच्या धंद्यातले थोडे. तिला एका ठिकाणी डेमो बनवून देतो म्हणून आठ हजार रुपये मागितले होते आणि एका कागदावर सही मागितली होती. मिळालेल्या कामातून कमिशन घेणारा एजंट समजू शकतो, काम देण्याआधी पैसे मागणाऱ्याच्या दारात उभे राहू नये. कागदात आवाजाचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे, असे लिहिले होते. सही केली नाही म्हणून वाचली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३८ आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेली ३८-अ व ३८-ब ही कलमे कलावंताला त्याच्या सादरीकरणावर हक्क देतात, पण सही करून लिहून दिलेले सोडवणे कठीण जाते. आता तर यंत्राला थोडा नमुना दिला की ते त्या आवाजात हवे ते बोलते. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. पण ते नामवंत आहेत, त्यांच्या नावाला बाजारात किंमत आहे. आमच्या मुलीला तेच संरक्षण सहज मिळेल असे आम्ही सांगू शकत नाही. म्हणून आम्ही तिच्या पत्रात एक ओळ घातली: हा नमुना फक्त निवडीसाठी आहे, लेखी संमतीशिवाय तो अन्यत्र वापरू नये, तसेच कृत्रिम आवाज तयार करण्यासाठीही वापरू नये.

पाठवण्याच्या वेळी ती थांबली. फाइलच्या नावात आडनाव घालू की नुसते नाव, असे तिने विचारले. या प्रश्नावर आम्ही काही बोललो नाही. तिची आई म्हणाली, "बापानं दिलंय ते लिही."

तिने पूर्ण नाव लिहिले. पाच ठिकाणी डेमो गेला. तिघांचे उत्तर नाही, एकाने नंतर कळवतो म्हटले. पाचव्याने फोन करून विचारले, ती आजी कोण बोलली आहे?