समुद्रात तेल कोणाचं? नौवहन महानिदेशालय नेमकं काय करतं

सागरी प्रदूषणावर पीएचडी करायची असं ठरवून येणारे बहुतेक जण आधी यंत्राचा विचार करतात. जीसी-एमएस मिळेल का, नमुने कुठून आणायचे, गाईड कोण. मीही रसायनशास्त्राच्या बाजूनेच आले, त्यामुळे हा ओढा मला समजतो. पण समुद्रावर कोणाचा अधिकार चालतो हे माहीत नसेल तर आपला प्रश्नच अर्धवट राहतो. मुलाखतीत परीक्षक हमखास विचारतात, "बरं, तेल सापडलं. पुढे काय? कोण कारवाई करणार?" तिथे "सरकार" हे उत्तर चालत नाही. म्हणून आज यंत्र बाजूला ठेवू आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या एका कार्यालयाबद्दल बोलू.

एक घटना समोर ठेवते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रावर सुमारे १२०० कंटेनर होते, काहींत कीटकनाशकं. जहाज कललं आणि कंटेनर पत्त्यांसारखे पाण्यात घसरले. सुमारे ८०० टन तेल सांडल्याचा अंदाज होता. उरण-अलिबागच्या बाजूला कांदळवनांच्या मुळांना ते चिकटलं, आणि तरंगत्या कंटेनरांमुळे मुंबई आणि जेएनपीटी या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली.

आता बघा, जबाबदारी कोणाकोणाची. बंदरातली ये-जा बंदर प्राधिकरणाची. तेल आवरण्याचं समन्वयन तटरक्षक दलाचं, कारण राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखड्यात ते काम त्यांना दिलेलं आहे. किनाऱ्यावर आलेलं तेल उचलणं राज्य यंत्रणेचं. पण ही दोन जहाजं समुद्रात फिरायच्या लायकीची होती का, चालवणारे प्रशिक्षित होते का, टक्कर का झाली, हे सगळं बघायचं काम नौवहन महानिदेशालयाचं. ही तिसरी गोष्ट बातम्यांत शेवटच्या परिच्छेदात येते. संशोधनासाठी मात्र तिथेच सर्वात जास्त माल आहे.

नौवहन महानिदेशालय १९४९ पासून आहे. १९५८ चा व्यापारी नौवहन कायदा हा त्याचा इतकी वर्षं आधार होता. २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. गंमत म्हणजे समुद्र राखणाऱ्या या कार्यालयाकडे गस्तीच्या बोटींचा ताफा नाही. त्याचं हत्यार आहे कागद. प्रत्येक जहाजाला प्रमाणपत्रांची एक चळत लागते: सुरक्षा उपकरणांचं, भाररेषेचं, तेलप्रदूषण प्रतिबंधाचं, खलाशांच्या पात्रतेचं. ती नसतील तर बंदर सोडायची परवानगी नाही, विमा नाही, माल नाही. हे कागद देण्याआधीची तपासणी बंदरोबंदरीच्या व्यापारी सागरी विभागातले सर्वेक्षक करतात. बरंच तांत्रिक काम वर्गीकरण संस्थांकडेही सोपवलेलं असतं. आपल्याकडची अशी संस्था म्हणजे मुंबईचंच इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग.

पण हे झालं भारतीय झेंड्याच्या जहाजांचं. चित्रा पनामाच्या झेंड्याखाली होतं, खलिजिया-३ सेंट किट्स आणि नेव्हिसच्या. २०२५ च्या मे महिन्यात केरळसमोर बुडालेलं एमएससी एल्सा-३ लायबेरियाचं. म्हणजे आपल्या किनाऱ्यासमोर बुडणारी जहाजं कागदोपत्री आपली नसतातच. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार जहाजावर पहिला अधिकार झेंडा ज्याचा त्या देशाचा. काही देश हा झेंडा कमी कटकटीत देतात. लायबेरियाची जहाज-नोंदणी तर प्रत्यक्षात अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालवली जाते. मालक एका देशात, झेंडा दुसऱ्याचा, खलाशी तिसऱ्याचे, आणि तेल आपल्या किनाऱ्यावर.

मग भारत परदेशी जहाजाला अडवू शकतो का? शकतो. इथे एकाच देशाच्या तीन भूमिका वेगळ्या कराव्या लागतात. आपला झेंडा लावलेल्या जहाजांपुरते आपण ध्वज-देश. आपल्या बंदरात कोणतंही जहाज आलं की आपण बंदर-देश. आणि कोणी नुसतं समोरून जात असेल तर आपण किनारी देश. बंदर-देश म्हणून अधिकार भक्कम आहे: जहाज तुमच्या दारात आलंय, तुम्ही चढून तपासू शकता आणि दोष गंभीर असेल तर ते दुरुस्त होईपर्यंत रोखून ठेवू शकता. किनारी देशाचा अधिकार त्यापेक्षा बराच पातळ. १२ सागरी मैलांच्या आतही परदेशी जहाजाला निरुपद्रवी मार्गक्रमणाचा हक्क असतो. पुढे २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात प्रदूषणाबद्दल काही करायचं तर पुरावा ठोस लागतो. "पुरावा" हा शब्द लक्षात ठेवा, तिथे आपण रसायनवाले येतो.

बंदरातल्या तपासणीची व्यवस्था जगात अपघातांच्या धक्क्यातूनच उभी राहिली. १९६७ मध्ये टोरी कॅन्यन इंग्लंडच्या टोकाशी फुटलं, त्यातून पुढे १९७३-७८ चा मार्पोल करार आला. १९७८ मध्ये अमोको कॅडिझ फ्रान्सच्या किनाऱ्यावर फुटलं आणि १९८२ मध्ये युरोपातल्या देशांनी तपासणीची माहिती एकमेकांना द्यायचं ठरवलं. हिंदी महासागरातल्या देशांचा असाच समझोता १९९९ मध्ये लागू झाला आणि त्याचं सचिवालय थाटलं गेलं ते गोव्यात. उपयोग साधा: एखादं जहाज एका देशात दोषी सापडलं तर पुढच्या बंदरातल्या सर्वेक्षकाला ते आधीच कळतं.

सर्वेक्षक चढल्यावर काय बघतो? आधी कागद, मग इंजिनखोली. तेलाच्या बाबतीत त्याचा डोळा एका यंत्रावर असतो. जहाजाच्या तळाशी इंजिनातून गळणारं तेल आणि पाणी साचतं, त्याला बिल्ज म्हणतात. ते विभाजकातून गाळून, तेलाचं प्रमाण दशलक्षात १५ भागांपेक्षा कमी झाल्यावरच समुद्रात सोडता येतं. प्रत्येक वेळची नोंद तेल-नोंदवहीत करायची, आणि ती वही शेवटच्या नोंदीनंतर ३ वर्षं जपायची. आता विभाजक चालवायला वेळ आणि पैसा जातो, गाळ बंदरात उतरवायचे पैसे वेगळे. म्हणून काही ठिकाणी विभाजकाला वळसा घालणारा एक नळ गुपचूप जोडतात. या धंद्यात त्याला "मॅजिक पाइप" म्हणतात. ही फक्त गरीब, खटारा जहाजांची सवय नाही बरं का. प्रिन्सेस क्रुझेस या बड्या प्रवासी कंपनीने अशाच प्रकरणात २०१६ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि ४ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. प्रकरण उघडकीस आलं ते नव्याने रुजू झालेल्या एका इंजिनिअरमुळे. सर्वेक्षक म्हणूनच वहीतले आकडे आणि टाक्यांची क्षमता यांची वजाबाकी करून बघतो. इतक्या दिवसांत इतका गाळ व्हायला हवा होता, तो गेला कुठे? मला हे हिशेबाचं काम कोणत्याही सेन्सरपेक्षा जास्त हुशारीचं वाटतं.

नजर ठेवायचं दुसरं साधन म्हणजे जहाज स्वतः देत असलेली खबर. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना एआयएस बसवावं लागतं: नाव, जागा, वेग, दिशा सतत प्रसारित होत राहते. शिवाय एलआरआयटी नावाची दूर पल्ल्याची व्यवस्था दर ६ तासांनी जागा कळवते, आणि १००० सागरी मैलांच्या आतल्या जहाजांची माहिती किनारी देश मागू शकतो. ऐकायला चोख. पण २०११ चा पावसाळा आठवा. पाविट नावाचं छोटं टँकर ओमानजवळ बंद पडलं, खलाशांना उतरवून घेतलं गेलं आणि जहाज बुडालं असं धरून सगळे मोकळे झाले. ते बुडालं नव्हतं. नैऋत्य मान्सूनने त्याला ढकलत अख्खा अरबी समुद्र पार करवला, आणि ३१ जुलैला ते थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतलं, २६/११ ला तीन वर्षंही झाली नव्हती तेव्हा. जहाजावर वीज नाही म्हणजे प्रसारण नाही. बोलणाऱ्या जहाजांवर उभारलेली व्यवस्था मुक्या जहाजासमोर आंधळी होते.

म्हणूनच उपग्रहाच्या रडार प्रतिमा लागतात. तेलाचा थर पाण्यावरच्या बारीक लाटा दाबतो, त्यामुळे रडारमध्ये तो भाग काळा दिसतो. अडचण अशी की वारा फार मंद असला तरी पाणी काळंच दिसतं, आणि प्लवकांचा तेलकट थरही तसाच दिसतो. सेंटिनेल-१ च्या प्रतिमा फुकट मिळतात. भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्रातून येणाऱ्यांसाठी काळा डाग आणि त्या वेळचे एआयएस मार्ग जुळवून बघणं हा चांगला, करता येण्याजोगा विषय आहे.

आता माझ्या आवडीचा भाग. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या आगेमागे डांबराचे गोळे येतात. पायाला चिकटतात, मच्छिमारांची जाळी खराब करतात, शॅकवाले वैतागतात. अरबी समुद्रात तेल म्हटलं की संशय साहजिकच बॉम्बे हायवर जातो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हे गोळे आणि बॉम्बे हायचं कच्चं तेल यांची तुलना केली. तेल समुद्रात पडलं की हलके घटक उडून जातात, सरळ साखळीचे अल्केन जिवाणू खातात. होपेनसारखे पाच कड्यांचे रेणू मात्र हट्टी, ते टिकतात, आणि त्यांची आपापसातली गुणोत्तरं प्रत्येक तेलसाठ्याची वेगळी असतात. जीसी-एमएसवर १९१ हे वस्तुमान निवडलं की त्यांची रांग समोर येते. त्याला कार्बन समस्थानिकांची जोड दिली. निष्कर्ष असा निघाला की स्रोत बॉम्बे हाय नाही. तेलाची जात आग्नेय आशियाई निघाली, आणि गोळे टँकरच्या टाक्या धुतलेल्या पाण्यातून आलेले.

टाक्या धुणं बेकायदा आहे का? सरसकट नाही! मार्पोलनुसार टँकर किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांपलीकडे, चालू प्रवासात, मैलामागे ३० लिटरपर्यंत तेल असलेलं पाणी सोडू शकतो. नव्या टँकरसाठी एकूण मर्यादा मालाच्या ३०,००० व्या भागाची. ९०,००० टन मालाचं जहाज घेतलं तर ३ टन. विशेष क्षेत्रांत यालाही बंदी आहे, पण भारतासमोरचा अरबी समुद्र त्या यादीत नाही. म्हणजे गोळा हातात आला तरी तो नियमभंगाचा की नियमातल्या सवलतीचा, हे तो सांगत नाही. शिवाय ठसा तेलाची जात सांगतो, जहाजाचं नाव नाही. नावापर्यंत जायचं तर संशयित जहाजाच्या टाकीतला नमुना हवा, आणि तो घ्यायचा अधिकार तुम्हाआम्हाला नाही, सर्वेक्षकाला आहे. प्रयोगशाळा आणि प्राधिकरण यांच्यातला हा धागा जितका सैल, तितके गोळे येत राहणार.

गिट्टीपाण्याचं थोडक्यात सांगते. रिकामं जहाज तोल राखायला एका बंदरात पाणी भरतं आणि दुसऱ्या बंदरात ओततं, त्यातून जीवही प्रवास करतात. मायटिलॉप्सिस सॅलेई हा परका शिंपला आपल्या बंदरांत साठच्या दशकापासून ठाण मांडून आहे. २०१७ पासून लागू असलेल्या करारानुसार सोडलेल्या एका घनमीटर पाण्यात ५० मायक्रॉनपेक्षा मोठे जिवंत जीव १० पेक्षा कमी हवेत. मुंबई हे ग्लोबॅलास्ट या जागतिक प्रकल्पाच्या सहा प्रात्यक्षिक ठिकाणांपैकी एक होतं. जीवशास्त्रवाल्यांनी त्यातली बंदर-सर्वेक्षणं जरूर चाळावीत.

शेवटी पैसा. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर कोळसा घेऊन येणारं एमव्ही राक हे पनामाचं जहाज बुडालं. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जहाज कंपनीला १०० कोटी आणि मालाशी संबंधित कंपनीला ५ कोटी भरपाई भरायला सांगितली. एल्सा-३ प्रकरणी केरळने उच्च न्यायालयात ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि त्याच कंपनीसमूहाचं दुसरं जहाज अटकावून ठेवण्याचा आदेश मिळवला. त्या जहाजावर ६४० कंटेनर होते, १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड, टाक्यांत ३६७ टन फर्नेस ऑइल, आणि किनाऱ्यावर आले ते प्लास्टिकचे बारीक दाणे. जहाजमालकाची बाजू अशा वेळी नेहमी जबाबदारीच्या कमाल मर्यादेकडे बोट दाखवते. ही मर्यादा नुकसानीवर नाही, जहाजाच्या टनभारावर ठरते. आणि नुकसान सिद्ध करायला वादीला दाखवावं लागतं की अपघाताआधी इथलं पाणी, चिखल, मासे कसे होते. आधीचे आकडेच नसतील तर वकील काय करणार? एखाद्या खाडीचे सलग तीन वर्षांचे कंटाळवाणे नमुने कोर्टात लाखमोलाचे ठरू शकतात. "यात नवीन काय?" असं सिनॉप्सिसवर कोणी लिहिलं, तर हे उत्तर तयार ठेवा.

सुरुवात करायची असेल तर आधी महानिदेशालयाच्या संकेतस्थळावरची परिपत्रकं आणि अपघात-चौकशीचे अहवाल वाचा. हिंदी महासागर समझोत्याचे वार्षिक अहवाल खुले आहेत, त्यात रोखलेल्या जहाजांची आकडेवारी असते. इक्वासिसवर मोफत नोंदणी करून कुठल्याही जहाजाचं वय, झेंडा आणि तपासण्यांचा इतिहास पाहता येतो. तेल कुठे सरकेल याचा अंदाज हैदराबादचं इन्कॉइस देतं. आणि मार्पोलचं पहिलं परिशिष्ट एकदा तरी मुळातून वाचा. भाषा रुक्ष आहे, दोन बैठकींत संपत नाही, पण टाक्या धुण्याचा नियम त्यात सापडला की गोव्याच्या वाळूतला गोळा वेगळा दिसायला लागतो.