दुष्काळी कामें व कामाची कसोटी

जुन्या कुलकर्णी घराण्यांच्या रुमालांत सनदा, महजर व वतनाचे निवाडे यांच्या शोधांत असलेला संग्राहक सन १८७६-७८ च्या दुष्काळांतील हजेरीपत्रकें किंवा रोजाचे तक्ते हातीं आले, तर बहुधा ते बाजूस सारतो. शंभर-दीडशें वर्षांचा, अर्धा छापील व अर्धा हातानें भरलेला कागद त्यास जुना वाटत नाहीं. या उपेक्षेपेक्षांहि मोठी अडचण दुसरीच आहे. असे कागद जपले गेले तरी ते सरळ वाचले जातात, आणि सरळ वाचल्यास निष्कर्ष उलटा निघतो. कामावरील माणसें घटलीं, अर्थात् दुष्काळ ओसरला, असें वाचकास वाटतें. इसवी सन १८७७ च्या आरंभीं मुंबई इलाख्यांत दुष्काळ ओसरला नव्हता. तरीहि हजेरी उतरली. हें कसें झालें तें समजण्यास, सरकार उपाशी माणसाकडून काम कां मागत होतें, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

आपल्याकडे राज्यकर्त्यांनीं दुष्काळांत अन्न देण्याची जुनी रीत निराळी होती. १६३०-३२ च्या भीषण दुष्काळांत शाहजहाननें बऱ्हाणपूर वगैरे ठिकाणीं लंगर उघडविले. बादशाहनाम्यांत त्याची नोंद आहे. लंगराच्या दारीं येणाऱ्यास काम विचारीत नसत. अशा दानाची पोंच किती माणसांपर्यंत होती हा प्रश्न वेगळा, व ती फारशी नसावी असेंच आम्हांस वाटतें. परंतु तत्त्व दानाचें होतें. इंग्रजी अमलांत तत्त्व पालटलें. १८३४ च्या इंग्लंडांतील गरिबांच्या कायद्यानें धडधाकट माणसास मदत द्यावयाची ती कामगृहांत, आणि तेथील स्थिति बाहेरच्या हलक्यांतील हलक्या मजुराहूनहि कष्टाची असावी, असें ठरविलें होतें. खरा गरजू असेल तोच इतके कष्ट पत्करील, हा त्यामागील तर्क. म्हणजे काम हें कामासाठीं नव्हे. तें भुकेचें माप होतें.

हें माप मुंबई व मद्रास इलाख्यांस लावण्याचें काम सर रिचर्ड टेंपल याजकडे आलें. याच गृहस्थांनीं १८७३-७४ मध्यें बिहारांत ब्रह्मदेशाचा तांदूळ आणवून लोकांस वांचविलें होतें, आणि उधळपट्टीबद्दल टीकाहि सोसली होती. १८७७ च्या जानेवारींत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं त्यांस दक्षिणेंत पाठविलें, तेव्हां ते काटकसरीचे पुरस्कर्ते होऊन आले. प्रौढ पुरुषास रोज एक पौंड धान्य व अर्धा आणा पुरे, असें त्यांनीं ठरविलें. पौंड म्हणजे आपले सुमारे ३९ तोळे. ८० तोळ्यांच्या पक्क्या शेराचा अर्धाहि भरत नाहीं. एवढ्या अन्नावर दिवसभर माती वाहावयाची किंवा खडी फोडावयाची. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं, इतक्या अन्नावर श्रम करणारें शरीर टिकणार नाहीं, असा स्पष्ट आक्षेप घेतला, आणि त्याच वर्षीं मद्रासेंत तो दर वाढवावा लागला.

मजुरीच्या जोडीला अंतराचीहि कसोटी होती. घरापासून दहा मैलांच्या आंत काम द्यावयाचें नाहीं. गांव सोडून येईल तोच खरा भुकेला. मुंबई इलाख्यांत कामें दोन प्रकारचीं होतीं. गांवांच्या आसपासचीं लहान कामें मुलकी अधिकाऱ्यांकडे, व तलाव, कालवे, रेल्वेचे भराव अशीं मोठीं कामें बांधकाम खात्याकडे. साताऱ्याकडील म्हसवडचा तलाव व धोंड-मनमाड लोहमार्ग यांवर याच दुष्काळांतील हात राबले आहेत. १८७७ च्या जानेवारींत मुलकी कामावरील रोज एका पौंडाचें मोल व अर्धा आणा इतका उतरविण्यांत आला, आणि सशक्त लोकांस दूरच्या मोठ्या कामांवर जाण्याचा हुकूम झाला. तेव्हां हजारों माणसें कामें सोडून निघून गेलीं. हजेरी उतरली ती या वेळीं.

सरकारी गॅझेटियर याचें कारण असें देतें कीं, जाण्याचें नाकारल्यास काम न करतां घरबसल्या मदत मिळेल, अशी लोकांची समजूत झाली होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें याच काळांत जिल्ह्याजिल्ह्यांतून हकीकती मिळवून सरकारकडे पत्रें धाडलीं. त्यांत मजुरीचा अपुरेपणा पुनःपुन्हा मांडला आहे. आमचें मत सभेकडे झुकतें. म्हातारीं माणसें, तान्हीं मुलें व उरलीं सुरलीं गुरें मागें टाकून दहा मैल जावयाचें, आणि तेथें जें मिळेल त्यांत स्वतःचेंहि पोट भरावयाचें नाहीं; असा हिशेब कुणब्यास बरोबर करतां येत होता. कामावर न जाणारा भुकेला नव्हता असें यावरून सिद्ध होत नाहीं. कसोटी इतकीच सांगते कीं, कसोटीची किंमत भुकेहून भारी झाली होती. या दुष्काळांत ब्रिटिश मुलुखांत साडेबावन्न लक्ष माणसें अधिक मेलीं, हा अंदाज खुद्द १८८० च्या दुष्काळ कमिशनचाच आहे.

त्या कमिशननें कामाचें तत्त्व सोडलें नाहीं. सशक्तांस काम, अशक्तांस मोफत मदत, काम प्रत्येकाच्या ताकदीच्या मानानें, व मजुरी प्रकृति टिकेल इतकी, अशी मात्र मांडणी केली. त्यांतूनच पुढें फॅमिन कोड निघाले. १८९६ मध्यें दुष्काळ पुन्हा आला तेव्हां टिळकांच्या वर्चस्वाखालील सार्वजनिक सभेनें या कोडाची माहिती मराठींत छापून खेड्यापाड्यांत वांटली. तींतला एखादा कागद कोणाच्या संग्रहीं असेल तर त्याचें मोल मोठें समजावें.

यास्तव हजेरीपत्रक हातीं येतांच प्रथम तीन गोष्टी पाहाव्या: काम मुलकी कीं बांधकाम खात्याचें, मजुराचें गांव कामापासून किती दूर, आणि त्या आठवड्यांत दराचा हुकूम बदलला होता काय. हुकुमाची तारीख व हजेरीची उतरंड जुळली, तर ती उतरंड पावसाची किंवा पिकाची समजूं नये. हजेरीपत्रकाबरोबर त्याच गांवची जन्ममृत्यूची नोंद मिळाल्यास दोन्ही एकत्रच ठेवावीं; एकट्या पत्रकावरून गांवाची स्थिति कळत नाहीं.

पुढील काळाचे असेच कागद गोळा करणारांस एक भेद लक्षांत ठेवावा लागेल. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत खडी, नालाबंडिंग व रस्ते यांच्या कामांवर लक्षावधि माणसें होतीं, आणि १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानें काम मागणें हा हक्क ठरला. २००५ च्या केंद्रीय कायद्यांत काम पांच किलोमीटरांच्या आंत द्यावें, त्यापलीकडे दिल्यास मजुरी शेंकडा दहा जास्त द्यावी, असें कलम घातलें गेलें. अंतराचा रकाना दोन्ही काळच्या पत्रकांस लागू पडतो. १८७७ मध्यें तो मजुराची परीक्षा घेण्यासाठीं होता. २००५ च्या कायद्यांत तो सरकारावर पडणारा बोजा मोजण्यासाठीं आला.