पेकिंगचे बीजिंग कसे झाले?

पनवेल हे नाव रोमन अक्षरांत वाचून नवख्या माणसाने ‘पॅनव्हेल’ म्हटले, तर त्याला दोष देता येणार नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखनात याच नावात ‘डब्ल्यू’ आणि शेवटी दोन ‘एल’ आढळतात. पनवेलकरांचे ‘पनवेल’ मात्र पनवेलच राहिले. चीनच्या राजधानीच्या इंग्रजी नावातही असाच घोळ दिसतो. तो समजून घेऊ.

हे नाव चिनी लिपीत दोन चिन्हांनी लिहितात. त्यांचे अर्थ ‘उत्तर’ आणि ‘राजधानी’. शहराला हे नाव 1403 साली मिळाले. त्या काळी दुसऱ्या शब्दाच्या आरंभी ‘क’ होता. युरोपीयांनी तो ऐकला, म्हणून इंग्रजीत ‘पेकिंग’ रूढ झाले. पुढे उत्तर चीनच्या बोलीत ‘इ’पूर्वीच्या ‘क’चा ‘च’सारखा उच्चार होऊ लागला. दक्षिणेकडील कँटनी भाषेत तो ‘क’ आजही टिकून आहे.

असे का होते? ‘इ’ म्हणताना जीभ टाळूकडे उचलली जाते आणि आधीचे व्यंजनही तिकडे ओढले जाते. ‘माझा’ आणि ‘माझी’ मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एकच, पण दुसरा ‘झ’ तालव्य आहे. तेव्हा ‘पेकिंग’ ही इंग्रजांची चूक नव्हे. तो जपला गेलेला जुना उच्चार आहे.

1958 साली चीनने ‘पिनयिन’ ही रोमन लेखनपद्धती स्वीकारली. 1979 पासून परदेशांसाठीच्या मजकुरातही ती वापरात आली आणि ‘बीजिंग’ पुढे आले. गंमत अशी, की उत्तरेकडील प्रमाण चिनी भाषेत आपला सघोष ‘ब’ नाही. पिनयिनमध्ये ‘बी’ हे अक्षर अल्पप्राण ‘प’साठी, ‘पी’ हे महाप्राण ‘फ’साठी आणि ‘जे’ हे ‘चिमणी’तल्या ‘च’जवळच्या ध्वनीसाठी योजले आहे. म्हणजे मूळ उच्चार ‘पेइचिंग’च्या जवळ जातो. देवनागरीत तो सहज लिहिता येतो. पण आपण इंग्रजी अक्षरे वाचून ‘बीजिंग’ लिहितो.

मुंबईचेही असेच. पोर्तुगीजांच्या लेखनातील रूपावरून इंग्रजीत ‘बॉम्बे’ आले आणि 1995 साली ते अधिकृतरीत्या ‘मुंबई’ झाले. मराठीत ती आधीपासून मुंबईच होती. जुनी रूपे मात्र चिवट असतात. पेकिंग विद्यापीठ आणि बॉम्बे हायकोर्ट ही इंग्रजी नावे टिकून आहेत. विमानतळांची सांकेतिक अक्षरेही ‘पीईके’ आणि ‘बीओएम’ अशीच आहेत. पनवेल तालुक्यात 2025 साली सुरू झालेल्या नव्या विमानतळाला मात्र ‘एनएमआय’ मिळाले. त्यातला ‘एम’ मुंबईचा.

वर्गात एक प्रयोग करता येईल. परिसरातील दहा गावांची नावे रोमन लिपीत लिहून, ती गावे माहीत नसलेल्या व्यक्तीकडून वाचून घ्यावीत. ‘ळ’, ‘ण’, ‘ठ’ यांचे काय होते, याची नोंद मुलांनी ठेवावी. शेजारच्या कळंबोलीला अनेक जण ‘कलंबोली’ म्हणू लागले आहेत. पेकिंगमधला ‘क’ बोलणाऱ्यांच्या जिभेने बदलला. आपला ‘ळ’ केवळ पाटीवरच्या अक्षरांमुळे का जावा?